तळ्यातलं पाणी आणि वहीतलं पाणी

२ डिसेंबर, मंगळवार

आज पाणी एकवीस. सकाळी सात वाजता, उगवतीच्या काठाला, हातभर खोल. दोरीला बांधलेला थर्मामीटर सोडतो आणि शंभरपर्यंत मोजतो. सूनबाईनं, वैशालीनं, साठच सांगितले आहेत, पण माझं मोजणं घाईचं असतं, म्हणून शंभर.

नऊला खाणं टाकलं. माशांची पिल्लं लगेच वर आली. पाणी आधणासारखं खदखदलं. एक लहानखुरं सगळ्यांच्या मागून येतं. त्याला काही मिळालं की नाही, दिसलं नाही. घरी येईस्तोवर तेच डोक्यात.

गुडघा बरा. बी.पी.ची गोळी घेतली की नाही, आठवत नाही. दुसरी घ्यायची भीती वाटली.

४ डिसेंबर, गुरुवार

पाणी साडेवीस. यापुढे नुसतं पा. लिहीन, बोटं आखडतात.

वैशाली मासे पाळायचं तीन दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आली तेव्हापासून शेततळं तिचं. ऑगस्टात माझा दोस्त संपत यानं बीज आणून दिलं तेव्हा पिल्लं जिऱ्याएवढी होती. आता बोटाएवढी आहेत. बोटुकलीच म्हणतात त्यांना. रोहू, कटला, मृगळ. मला तिन्ही सारखीच दिसतात, पण वैशालीसमोर तसं म्हणत नाही.

कामं तिनं वाटून दिली आहेत. पा. बघणं आणि तिच्या वहीत आकडा लिहिणं माझ्याकडे, कारण मी तसाही साडेसहालाच शेतात असतो. ती घरचं आटोपून येते, वही बघते आणि आकड्याप्रमाणे खाणं काढते. वीसच्या वर पूर्ण. अठरा ते वीस अर्धं. अठराच्या खाली काहीच नाही. वहीच्या पुठ्ठ्यावर लाल पेननं लिहून ठेवलं आहे. मी सातवीपर्यंत शिकलो, पण लाल अक्षर दिसलं की अजून मास्तरच उभा राहतो समोर.

"अठराच्या खाली काईच नाई?" मी विचारलं.

"काईच नाई, मामाजी. थंडीत त्याईचं पोट चालत नाई."

"दोन दाणे?"

"एकबी नाई."

७ डिसेंबर, रविवार

पा. साडेवीस. मुलगा गजानन बुटीबोरीहून आला. कंपनीला आजचीच सुट्टी. तळ्याला एक फेरी मारली आणि बायकोला म्हणाला, "हे तळं आपण गव्हासाठी खोदलं होतं. मासोळीसाठी नाई."

ती म्हणाली, "एक वर्ष म्हणाले होते तुमी."

"एकच म्हणालो होतो."

आंजी गावच्या बायकांच्या गटानं तिथला गावतलाव घेतला आहे. फेब्रुवारीच्या शेवटी आमची पिल्लं त्या घेणार. वैशालीनं शब्द दिला आहे. तोपर्यंत पिल्लं जगली तर तळं तिच्याकडे राहील. नाही जगली तर पुढच्या साली सगळं पाणी गव्हाला. दोघं भांडत नव्हते, हसतच बोलत होते. तेच मला जास्त लागलं.

९ डिसेंबर, मंगळवार

पा. वीस. गाईची सरकीची ढेप मूठभर घेऊन गेलो होतो. चंद्री त्यावर दोन वेळचं दूध देते, पिल्लं धरतील अंग, असा विचार. वैशालीनं मूठ पाहिली.

"सरकी पिल्लाईले बाधते, मामाजी. त्याईले शेंगदाण्याची ढेप अन् भाताचा कोंडा. बस."

"अख्खा वर्धा जिल्हा कपाशीवर जगते."

"म्हणून मासोळीबी जगन का?"

हसली. मीही हसलो. मूठ परत आणून चंद्रीला दिली.

११ डिसेंबर, गुरुवार

पा. एकोणीस. अर्धं खाणं. पिल्लं हळू वर आली, जणू पायऱ्या चढून. लहानखुरं दिसलं नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

पा. साडेसतरा. पहिला उपास.

काठावर माझी सावली पडली तशी दहाबारा वर आली आणि तोंडं उघडून थांबली. मी हात मागे धरले. मग एकएक करून खाली गेली.

दुपारी सोल्यांची भाजी होती, नव्या तुरीची. अर्धी भाकर टाकून उठलो. वैशाली म्हणाली, "काऊन मामाजी? तिखट झाली का?" म्हटलं, नाई, भूक नाई.

१४ डिसेंबर, रविवार

पा. सतरा. दुसरा उपास. गजानन आला नाही, ओव्हरटाइम.

संपत आला होता. त्याच्या घरचे सगळे जाळं टाकणारे, आजाच्या आधीपासून. तिसरीपर्यंत एका पाटावर बसलो आम्ही. मला अंगावर घोंगडं घेऊन काठाला बसलेलं पाहिलं आणि उभाच राहिला.

"अबे माद्या, तू त आता त्याईले स्वेटरच इनशीन."

"उपाशी हायेत रे."

"मासा काय दावणीचा बैल हाय? पाणी थंडं त मासा थंडा. तळाशी बसते गप. भूकच नाई राहत त्याले."

"तुले त्यानं सांगतलं का?"

"हाव. कालच बोलणं झालं."

जाताना मात्र माझ्या पाठीवर हात ठेवून गेला. त्याचं म्हणणं खरं असेल. मग काल ती तोंडं उघडून काय मागत होती?

१५ डिसेंबर, सोमवार

पा. साडेसोळा. वहीत एकोणीस लिहिलं.

वैशालीनं वही पाहिली. "चढलं म्हणा पाणी," म्हणाली आणि अर्धं खाणं काढलं. मी टाकलं. बुडालं. वर कुणी आलं नाही, पण खाली जाऊन खातच असतील.

इथं खरं लिहून ठेवतो. कुठंतरी खरं असावं.

१६ डिसेंबर, मंगळवार

पा. सोळा. वहीत एकोणीस.

कमलच्या, माझ्या बायकोच्या, पलंगाला वर्ध्याच्या दवाखान्यात पाटी लावली होती, तोंडानं काही द्यायचं नाही. तीन दिवस ती चहा मागत होती. अर्धा कप. मी शहाण्यासारखं डॉक्टरचं ऐकलं. ओठ ओले करायला कापूस दिला होता, तो फिरवत बसायचो. ती कापूस चोखायची. चौथ्या दिवशी गेली. येत्या माघात दोन वर्षं होतील. मी नियमानं वागलो म्हणून मला कुणी काही म्हटलं नाही.

पुन्हा कुणाला उपाशी ठेवणं माझ्यानं होणार नाही. मासा असो की माणूस.

१८ डिसेंबर, गुरुवार

पा. सोळा. वहीत एकोणीस. धुकं. कपाशीची शेवटची वेचणी सुरू. सगळ्यांचे हात गारठलेले.

२० डिसेंबर, शनिवार

पा. सोळा. वहीत साडेअठरा. रोज एकच आकडा बरा दिसत नाही म्हणून. आता खोटं लिहिताना पेन अडत नाही. हे काही चांगलं नाही.

२१ डिसेंबर, रविवार

पा. सोळा. वहीत एकोणीस.

गजानन आला. मोटारसायकलवरून उतरला तेव्हा कानाला मफलर, नाक लाल. वही चाळली. "एवढ्या थंडीत पाणी एकोणीस कसं राहून राह्यलं?"

मी चहा बशीत ओतून फुंकत बसलो.

वैशाली म्हणाली, "मामाजी सोता पाह्यतात. रोज. शंभर मोजतात."

त्यानं वही मिटली. तिनंही शंका घेतली असती तर बरं झालं असतं. तिनं घेतली नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

पा. सोळाच. वहीत एकोणीस. काठाला वास येतो आहे, पेंड आंबल्यासारखा. वैशालीला सर्दी आहे, तिला आला नाही. मीही काही बोललो नाही. काडीनं तळ ढवळला. काळं वर आलं, आणि त्यात ढेपेचे कण, जसेच्या तसे.

म्हणजे खातच नव्हती.

किती दिवस?

२४ डिसेंबर, बुधवार

पा. साडेसोळा. वहीतही साडेसोळा लिहिलं. खाणं बंद. उशीर झाला की काय.

तीन मेलेली. पोटं फुगलेली. एकाच्या शेपटीला पांढरं, फुटल्या बोंडातून डोकावतो तसा कापूस. तळहातावर घेतलं. वजनच नाही. संत्र्याच्या झाडाखाली पुरली.

वैशाली म्हणाली, "तीन जातातच, मामाजी. तुमी जेवा."

२५ डिसेंबर, गुरुवार

अकरा.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सव्वीस मेलेली. मोजताना दोनदा चुकलो.

वैशालीनं ट्रेनिंगच्या सरांना फोन लावला. वहीतून एकएक आकडा वाचून दाखवला. एकोणीस, अर्धं खाणं. एकोणीस, अर्धं. साडेअठरा, अर्धं. मी खाटेवर बसून माझेच आकडे ऐकत होतो. फोन मोठ्या आवाजावर होता. सर म्हणाले, या पाण्यात एवढ्या खाण्यानं असं व्हायला नको. बीजच कमजोर असावं. कुणाकडून घेतलं?

दुपारी तिनं संपतला बोलावून विचारलं. अदबीनंच विचारलं, पण विचारलं.

"बीज कोठून आणलं होतं, काकाजी?"

"कायले?"

"सर म्हणतात कमजोर होतं."

संपत माझ्याकडे पाहत राहिला. मी गोठ्याकडे पाहत राहिलो. "पोरी, माह्या बापानं मासोळीच्या नावावर कधी खोटं नाई केलं. म्याबी नाई." पायात चपला सरकवल्या. चहा उतू जात होता. तो न घेता गेला. साठ वर्षांत पहिल्यांदा.

मी त्याला थांबवलं नाही. का, ते ठाऊक आहे.

२७ डिसेंबर, शनिवार

सकाळी संपतकडे गेलो. ओट्यावर जाळं शिवत बसला होता. बस म्हणाला नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, आकड्यांचं. त्यानं सुई थांबवली नाही.

"मले काय सांगून राह्यला? तिले सांग."

"धीर होत नाई."

"माद्या, काल मले उभं केलं होतं तिच्यासमोर, तवा झाला धीर?"

घरी आलो. वैशाली अंगणात मेथी निवडत होती. मग ही डायरी नेली, पंधरा तारखेचं पान उघडलं आणि तिच्या समोर ठेवली. तिनं मेथीचे हात पदराला पुसले. वाचलं. पान उलटलं. सोळा तारखेचं मी दाखवणार नव्हतो. तेही तिनं वाचलं. मग पुढची सगळी.

ती ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं. तिनं डायरी बंद केली, माझ्या हातात दिली आणि आत गेली. मेथी तशीच. मी निवडायला बसलो. नीट जमली नाही, देठंच जास्त राहिली.

संध्याकाळी ती संपतच्या घरी जाऊन आली. काय बोलणं झालं, कळलं नाही.

२८ डिसेंबर, रविवार

सकाळी खिळ्यावर थर्मामीटर नव्हता. ती माझ्याआधीच शेतात गेली होती.

तिनं सरांना पुन्हा फोन केला आणि खरे आकडे सांगितले. "आमच्याकडून लिहिण्यात चूक झाली," एवढंच म्हणाली. सरांचा आवाजच बदलला. बीज चांगलं आहे म्हणाले. थंडीत पिल्लू खात नाही, टाकलेलं तळाला सडतं, त्यानं पाणी बिघडतं, श्वास कोंडतो, मग अंगावर बुरशी धरते. उपाय सांगितले. खाणं बिलकूल बंद. थोडा चुना, पाण्यात विरवून. आणि विहिरीचं पाणी सोडायचं, हिवाळ्यात ते तळ्यापेक्षा कोमट असतं. पण एकदम नाही, दुपारीच, रोज थोडं, आणि उंचावरून पाडून, म्हणजे त्यात हवा मिसळेल.

मी हे इथं नीट उतरवून ठेवलं. मला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं.

गजानन आज आला नाही. बरं झालं.

२९ डिसेंबर, सोमवार

एकोणीस मेलेली. पा. किती, मला माहीत नाही.

दुपारी बारा ते दोन मोटर. पाइपाच्या तोंडाखाली गहू चाळायची मोठी चाळणी धरून मी उभा. पाणी त्यातून सरीसारखं पडतं. हात भरून येतात. वैशाली म्हणाली, "तिवई लावू चाळणीखाली, बसा तुमी." दोन दिवसांतलं पहिलं बोलणं. म्हटलं, नको, मी धरतो.

३० डिसेंबर, मंगळवार

चौदा. चाळणी धरली.

३१ डिसेंबर, बुधवार

सहा. चाळणी धरली. खांदा निघून येतो की काय, असं झालं आहे. जिवंत एकही दिसत नाही. चुन्यानं पाणी गढूळ.

१ जानेवारी, गुरुवार

दोन.

मोटर बंद झाल्यावर एकदम शांत होतं. त्या शांततेत वैशाली म्हणाली, "आईले चहा मीनं पाजला होता."

मला कळेना कुणाची आई.

"दवाखान्यात. तुमी खाली औषध आणाले गेलते तवा. थर्मासमधला. बशीतून."

चाळणी खाली ठेवली.

"मीनं कोणाले नाई सांगतलं. नर्सलेबी नाई, तुमालेबी नाई. दुसऱ्या दिवशी आई गेली. तवापासून मले वाटते, त्या चहानंच…" तिनं पाइप गुंडाळायला घेतला. मग म्हणाली, "म्हणून तं एकबी दाणा नाई म्हणते मी, मामाजी."

मी विचारलं, "पेली का?"

"पूर्ण बशी."

"काई म्हणाली?"

"आलं कमी हाय म्हणे."

मला हसू आलं आणि ते थांबेना, मग ते हसू राहिलं नाही. तीही काठाला बसली, तोंडावर पदर. कमलला आलं कधी पुरलं नाही. आयुष्यभर एकही कप तिनं नावं ठेवल्याशिवाय घेतला नाही.

मी म्हटलं, त्या बशीनं काई झालं नसन. ती म्हणाली, तुमच्या उपासानंबी नसन. दोघांपैकी कुणालाच ठाऊक नाही. विचारणार कुणाला? पण कमल चहा पिऊन गेली. हे मला आज कळलं. आज रात्री झोप येईल असं वाटतं.

४ जानेवारी, रविवार

तीन दिवस मेलेलं काही नाही. तसं जिवंतही काही दिसलं नाही.

गजानननं पुरलेल्या जागेची माती पाहिली. "मंग? सोडू का तळ्याचं पाणी गव्हाले?"

"सोडा ना," वैशाली म्हणाली, "विहिरीतलं."

"झालं काय पण?"

"थंडीत खाणं जास्त गेलं. चुकलं आमचं."

आमचं म्हणाली. मी दोनदा तोंड उघडलं, तिनं दोनदा मला भाजी वाढली. शेवटी तो निघायला उभा राहिला तेव्हा मोटारसायकलपाशी जाऊन मीच सांगून टाकलं. त्यानं हँडलवरची धूळ पुसली. मग म्हणाला, "बाबा, घरात शिरताना टोपी घालत जा, थंडी लागते." किल्ली फिरवून गेला. फेब्रुवारीचं काही बोलला नाही.

८ जानेवारी, गुरुवार

संपत आला. वैशालीनं चहा ठेवला. तो चुलीकडे तोंड करून म्हणाला, "बीज बरं हाय न माहं आता?"

"तुमचं बीज सोनं हाय, काकाजी."

"सोनं कोनं मागतलं. साखर टाक दोन चमचे."

मग कामाचं बोलला. खाणं पुन्हा सुरू कराल तेव्हा मुठीनं फेकू नका. जाळीचं ताट करा, चार दोऱ्यांनी काठीला टांगा, त्यात खाणं ठेवून बुडवा आणि दोन तासांनी वर ओढा. संपलं असलं तर खाल्लं, उरलं तर नाही. "मंग या म्हाताऱ्याच्या डोळ्यावर भरवसा ठेवाचं काम नाई."

मला राग आला नाही. बरोबरच आहे.

११ जानेवारी, रविवार

पा. साडेसतरा. वैशाली वाचते आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणते. मला ऐकू जावं म्हणून की सवय आहे, कळत नाही. मी इथं उतरवतो.

ताट झालं. जुन्या खिडकीची नायलॉनची जाळी, सळईची कडी. शिवण माझी. संपतनं पाहिलं आणि उसवून पुन्हा शिवलं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. पा. सतरा. तिळाचे लाडू. एक खाल्ला, एक खिशात टाकून तळ्यावर गेलो. का टाकला खिशात, माहीत नाही. अर्धा तास काठाला होतो. लाडू परत आणला आणि चंद्रीला चारला. तिळाला खिशाचा धागा चिकटला होता, तो काढून.

१९ जानेवारी, सोमवार

पा. सकाळी साडेसतरा, दुपारी एकोणीस. चुना बसला, पाणी हिरवट झालं. सर म्हणाले हिरवं चांगलं, त्यात त्यांचं बारीक खाणं आपोआप तयार होतं, अगदीच उपाशी नाहीत. हे आधी का नाही सांगितलं कुणी? सांगितलंही असेल. मी ऐकलं नसेल.

एक खंड्या पक्षी तारेवर बसून तळ्याकडे पाहतो. त्याला काहीतरी दिसत असल्याशिवाय बसेल का? हाकलावा तर आशा जाते, न हाकलावा तर पिल्लू जातं. हाकलला.

२३ जानेवारी, शुक्रवार

पा. दुपारी वीसला टेकलं. आंजीच्या बायकांचा फोन आला, किती मिळतील म्हणून. वैशालीनं फोन या कानावरून त्या कानाला घेतला आणि म्हणाली, "जाळं टाकल्यावर सांगते, ताई." जाळं एवढ्यात टाकायचं नाही, धसक्यानं मरतील, असं संपत म्हणतो.

त्याचा अंदाज, हजारभर असतील. वैशालीचा, पाचशे. माझा विचारला. मी म्हटलं, मी आकडा सांगत नाही आता. दोघंही एकदम हसले. मी हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

२५ जानेवारी, रविवार

गजानन आला. काठाला बसून अर्धा तास पाण्यात पाहिलं. "एकबी दिसत नाई, बाबा."

"तळाशी असतील."

"असतील," म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून. मग चाळणीची मोडलेली कडा ठोकून सरळ करून दिली.

२७ जानेवारी, मंगळवार

डायरी शेतात आणली आहे.

सकाळी वैशालीनं थर्मामीटर माझ्याकडे दिला नाही, पण दोरी पाण्यात सोडून म्हणाली, "मामाजी, मोजा." शंभर मोजले. दुपारी एकला पा. एकवीस. महिन्यावर दिवस झाले, आज पहिलं खाणं. शेंगदाण्याची ढेप भिजवून, कोंड्यात मळून, फक्त दोन मुठी. तिनंच मळली. ताटात ठेवली, मी ताट सोडलं. बुडालं.

दोन तास थांबायचं. तीन वाजून दहा मिनिटांनी ओढायचं. दोरी माझ्या डाव्या हाताला गुंडाळली आहे, म्हणून अक्षर वाकडं.

दीड वाजला. काही नाही.

दोन वाजले. काही नाही. ताट चार हातांवर आहे आणि मला दिसत नाही. उरलेलं असलं तर उरलेलं. वैशालीला काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं, आता ठरवलं. जे असेल ते सांगायचं, तेवढंच.

वैशाली गव्हात पाणी वळवते आहे. दर थोड्या वेळानं कमरेवर हात ठेवून इकडे पाहते.

सव्वादोन. दोरीला झटका बसला. बारीक. वारा असेल म्हणून गव्हाकडे पाहिलं. गहू हलत नाही. खेकडा असेल. बेडूक असेल. माझाच हात असेल, म्हातारा झाला आहे.

पुन्हा.

तिला माझं तोंड दिसलं असावं, कारण बांधावरून ओरडली, "मामाजी, वढू नका हं अजून!"

"नाई वढत!"

पंचावन्न मिनिटं आहेत.